दादाच्या अंगातलं माझं रक्त

माझ्या भावाचा रक्तगट चाळिशी उलटल्यावर बदलला. जन्मापासून तो ओ पॉझिटिव्ह होता, आता बी पॉझिटिव्ह आहे, कारण माझा बी आहे. त्याच्या हाडांच्या आत आज जे रक्त तयार होतं ते माझ्या पेशींपासून होतं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात. मी एसटीत कंडक्टर आहे, रत्नागिरी आगारात. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर गाडीत काहीबाही ऐकते आणि त्यातलंच जोडून सांगते.

आम्ही दोघंच भावंडं. गाव आत, लांज्याच्या बाजूला, कातळावरचं. दादा दहावीनंतर मुंबईला गेला, डिझेल इंजिनचं काम शिकला, आणि लग्न झाल्यावर परत येऊन मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायला लागला. हात चांगला होता त्याचा. इंजिन सुरू करायला सांगायचा, पत्र्यावर तळवा टेकायचा आणि कुठला नोझल बसलाय ते सांगायचा. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, ट्रॉलर धक्क्याला लागतात, तेव्हा या इंजिनवाल्यांना जेवायला फुरसत नसते. त्या वर्षी बंदी उठायच्या सुमाराला तो थकायला लागला.

सुरुवात हिरड्यांपासून झाली. दात घासले की बेसिन लाल. मग दंडावर, मांडीवर निळे डाग, काही लागलेलं नसताना. वहिनी म्हणाली, इंजिनाखाली आडवेतिडवे शिरतात, लागलं असेल कुठे. मग ताप आला तो उतरेना. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच मुंबईला न्यायला सांगितलं. मुंबईत कळलं की ल्युकेमिया आहे. रक्ताचा कॅन्सर, तोही झपाट्याने वाढणारा.

केमोथेरपीने तो आटोक्यात आला, पण डॉक्टर खूश दिसले नाहीत. आम्हाला समोर बसवून म्हणाले, "आत्ता दबलाय, पण हा परत येणाऱ्यातला आहे. कायमचा घालवायचा तर हाडांतली मज्जा बदलावी लागेल. सख्खं भावंड जुळलं तर फार बरं."

सख्खं असूनही जुळेलच असं नसतं. माझं पूर्ण जुळलं. ते कळलं तेव्हा दादा पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, "जन्मभर भांडलो गो आपण, आणि आतून सारखीच निघालो."

माझ्या सासरी थोडी कुजबुज झाली. बाईमाणसाचं अंग आहे, पुढे अशक्तपणा राहिला तर, वगैरे. माझा नवरा फार बोलणारा माणूस नाही. त्याने माझी बॅग माळ्यावरून काढून पुसून ठेवली, एवढंच.

मला वाटलं होतं कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढतील. आता बरेचदा तसं करत नाहीत. आधी काही दिवस इंजेक्शनं देतात, त्याने मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. त्या इंजेक्शनांनी माझी हाडं ठणकायची. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड. खोकलं तरी कळ यायची. मग एके दिवशी खुर्चीत बसवून दोन्ही हातांत सुया घातल्या. एका हातातून रक्त यंत्रात जात होतं, यंत्र हव्या त्या पेशी बाजूला काढून बाकीचं दुसऱ्या हातातून परत देत होतं. मध्ये ओठांना मुंग्या आल्या, तेव्हा नर्सने कॅल्शियम दिलं. हात हलवायचे नव्हते. नाक खाजायला लागलं की वहिनी शेजारी बसून माझं नाक खाजवायची, आणि त्यावर आम्हा दोघींना हसू आवरत नव्हतं. वहिनीवर माझा जीव जडला तो त्या दिवशी. पुढचं सांगायच्या आधी हे सांगून ठेवते.

दादाला काचेमागच्या खोलीत ठेवलं होतं. जबर केमो देऊन त्याची स्वतःची मज्जा पुसून काढली होती. केस नव्हते, तोंडात फोड आले होते. माझ्या पेशींची पिशवी आणली ती एवढीशी, सोलकढीत कोकमाचं आगळ जरा जास्त पडावं तशा रंगाची. ती वर टांगली, थेंब सुरू झाले, आणि काचेतून त्याने मला हात जोडले. थोरला भाऊ, आयुष्यात मला कधी आभार वगैरे म्हणालेला नाही. मी दुसरीकडे बघितलं, कारण मला रडू येत होतं आणि मास्क ओला झाला तर बाहेर काढतील असं वाटत होतं.

माझ्या पेशी त्याच्यात रुजल्या. रक्ताचे आकडे वर यायला लागले तसं डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा बोलावून समजावलं. ते मला अजून पाठ आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

"या पेशी बहिणीच्या आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या दृष्टीने हे शरीर परकं. परकं दिसलं की त्या मारायला धावतात, तेच त्यांचं काम. थोडं भांडण आपल्याला हवंय, कारण उरलासुरला कॅन्सर त्याच मारतात. पण भांडण वाढलं तर त्या कातडी, लिव्हर, आतडी काही सोडत नाहीत. म्हणून त्यांना आवरायला गोळ्या. सरावल्या की आम्ही हळूहळू कमी करू. तुमच्या मनाने एकही चुकवायची नाही."

त्या गोळ्या म्हणजे मोठ्या मऊ कॅप्सूल. चंदेरी पट्टीतून बाहेर काढली की उग्र वास सुटायचा, शिळ्या ताडी-माडीत स्पिरिट ओतावं तसा. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घ्यायच्या, मधून मधून रक्तात त्यांचं प्रमाण तपासायचं. कच्चं खायचं नाही, गर्दीत जायचं नाही, धूळ नको, ओल नको. म्हणजे मिरकरवाडा नकोच.

उन्हाळ्याच्या शेवटी तो घरी आला. मी ड्युटी संपली की वाट वाकडी करून त्याच्याकडे जायची. तो वास खोलीत भरलेला असायचा. हळूहळू केस आले, रंग सुधारला. पण हात थरथरायचे. कॅप्सूलनेच व्हायचं ते. चहाचा कप बशीत वाजायचा. एकदा कुणीतरी इंजिनचा पंप घेऊन आलं होतं, नुसता बघ म्हणून. दादाने बारीक स्क्रू उचलला, तो दोनदा सुटला, तेव्हा त्याने पंप तसाच कागदात गुंडाळून परत दिला.

त्यात एक रिपोर्ट आला की याच्या रक्तातल्या सगळ्या पेशी आता दात्याच्या आहेत, म्हणजे प्रत्यारोपण उत्तम जमलंय. तपासणीत त्या बाईच्या म्हणून ओळखू येतात, हे नर्सने गमतीने सांगितलं होतं. दादाने ते भेटायला आलेल्या धक्क्यावरच्या दोस्तांना सांगितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "मग आता साडी कधी नेसतोस?" दादाही हसला म्हणे. ते गेल्यावर जेवला नाही, असं वहिनीने मला सांगितलं. मी ते मनावर घेतलं नाही. टिंगलीने माणूस मरत नाही, असं मला वाटायचं.

सुरुवातीला तपासणीला मी बरोबर जायची. मध्ये त्याच्या तळहातांवर पुरळ आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या कमी करायचं लांबवलं. नंतर दादा म्हणाला, "तू कशाला रजा घालवतेस? मी आणि ही जाऊन येतो." मला बरंच वाटलं. माणूस आपल्या पायावर उभा राहतोय, असं वाटलं. गणपती झाल्यावर त्याचा फोन आला. "जाऊन आलो गो. सगळं ठीक बोल्ले डॉक्टर. गोळ्या कमी केल्यान." मी दुसऱ्या दिवशी आगारात पेढे वाटले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाडीवर ड्युटी होती. गाडी अर्धी रिकामी. चढाला लागली आणि मी तिकिटं काढत मागे जात होते, तेव्हा मला दादाचा आवाज ऐकू आला. मी मान वर करून बघितलं. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. पन्नाशीचा माणूस, पांढरा सदरा, बाजूला पिशवीत सोललेल्या सुपाऱ्या. बायकोने डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, भुवयांचे केस नव्हते. तो तिला मोबाईल दाखवत होता आणि आवाज मोबाईलमधून येत होता.

"मला रक्ताचा कॅन्सर होता," दादा सांगत होता. "मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात होतो. तिथे माझी प्रतिकारशक्ती मारून टाकणाऱ्या गोळ्या देत होते. हात असे थरथरायचे. मग बुवांचा काढा सुरू केला. बुवा शक्ती मारत नाहीत, वाढवतात. आज बघा."

मी वाकून बघितलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला माझा भाऊ, शेजारी दाढीवाला एक माणूस, मागे बाटल्यांची फळी. दादाने दोन्ही हात पुढे धरले होते. ते स्थिर होते.

त्यात मी कुठेच नव्हते. काचेमागची खोली नव्हती, पिशवी नव्हती.

"हा माझा भाऊ आहे," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं.

त्या माणसाचा चेहरा फुलला. "काय सांगता? मग तुम्हीच सांगा हिला. ही ऐकत नाही माझं. बरे झाले ना ते काढ्याने?"

"बरा झाला, पण काढ्याने नाही. त्याचं मज्जेचं प्रत्यारोपण झालंय मुंबईला. माझ्या पेशी दिल्यात त्याला. केमो झाली, काय काय झालं. हे तो सांगत नाहीये."

"अहो, पण तो स्वतः बोलतोय ना?"

"खोटं बोलतोय."

बायको माझ्याकडे बघत होती.  मी तिला विचारलं, "तुमचं औषध चालू आहे ना हॉस्पिटलचं?" तिने नवऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात कुणीतरी पुढून ओरडलं, वारे आलं, घंटी द्या. मी घंटी दिली. पुढच्या थांब्यावर ते दोघंही उतरले. उतरताना तो माणूस बायकोला काहीतरी समजावत होता, आणि माझ्याकडे त्याने पाठ केली होती.

संध्याकाळी मी तशीच खाकी कपड्यांत दादाकडे गेले. तो पडवीत वर्तमानपत्र पसरून बसला होता. समोर उघडलेला पंप, स्प्रिंगा, नोझल, डिझेलची वाटी. काम करत होता.

"व्हिडिओ बघितला तुझा," मी म्हटलं.

"कुठला?"

"किती आहेत?"

तो नोझल पुसत राहिला. "ते बोल्ले, दोन शब्द बोल. लोकांना धीर येतो."

"आणि मुंबईच्या डॉक्टरांनी काय केलं? मी काय केलं?"

"तुझं नाव कशाला घालायचं त्यात? लोक काय काय बोलतात, तुला माहीत नाय? बहिणीचं रक्त, बाईचं रक्त. ऐकायला मला लागतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात तो वास नाही. डिझेलचा होता, भाकरीचा होता, कॅप्सूलचा नव्हता. मी आत जाऊन फळीवरचा डबा उघडला. चंदेरी पट्ट्या तशाच भरलेल्या होत्या.

"कधी बंद केल्यास?"

 वहिनी चुलीकडून वळली आणि म्हणाली, "गणपतीत."

"आणि मुंबईला गेला होतात ते?"

ती पुन्हा चुलीकडे वळली. दादाच म्हणाला, "गेलो नाय. बुवांकडे गेलो होतो. तुला फोनवर बोल्लो ते असंच. तू उगाच जिवाला लावून घेतेस."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले. इतका वेळ मला राग आला होता. आता काहीतरी दुसरंच वाटत होतं, कुणीतरी आपल्याला घराबाहेर ठेवून आतून कडी घातली आहे असं. आगारात पेढे वाटले होते मी. लोकांनी माझी पाठ थोपटली होती. आणि इथे हे दोघं, ज्यांच्याबरोबर मी त्या हॉस्पिटलात इतके दिवस काढले ते, ठरवून माझ्याशी खोटं बोलत होते.

"हे बघ," दादाने दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. "हलतायत? तू मला जगवलंस, मी नाय बोलत नाय. पण या हातांशिवाय मी काय करू? घरात बसून पेज पिऊ?"

"मग हे डॉक्टरांना सांगायचं होतंस. मला सांगायचं होतंस."

"ते काय, दुसरी गोळी देतील. त्याच्यावर तिसरी."

खरंच देतात. हात फार थरथरले तर प्रमाण बघतात, औषध बदलून बघतात, हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर त्यालाही कळलं असतं.

मी तिथेच बसून हॉस्पिटलच्या नर्सला फोन लावला. ती ओळखीची झाली होती. तिने सगळं ऐकून एवढंच म्हटलं, "ताई, त्याला ताबडतोब घेऊन या. तोपर्यंत स्वतःच्या मनाने आता काही सुरूही करू नका, बंदही करू नका. नुसतं घेऊन या."

दादा उठून उभा राहिला. "फोन कशाला केलास? शरीर माझं आहे."

"रक्त माझं आहे," मी म्हटलं.

"दिलंस ना एकदा? मग आता ते माझं."

मी चपला घातल्या आणि निघाले. वहिनी दारापर्यंत आली नाही.

दादा मुंबईला गेला नाही, आणि दिवाळीत मी त्याच्याकडे गेले नाही. भाऊबीजेला त्यानेही बोलावलं नाही. आईचा गावाहून फोन आला, तेव्हा ड्युटी आहे म्हणून सांगितलं, आणि खरंच ड्युटी मागून घेतली होती. दिवाळी सरली आणि एका सकाळी वहिनीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. दादाचे कान, तळहात, तळपाय लालभडक झाले होते. पुरळ अंगभर पसरलं होतं. तोंड आलं होतं, पाणीसुद्धा झोंबत होतं. सारखे जुलाब होत होते, डोळे पिवळे दिसत होते. बुवांना कळवलं तर ते म्हणाले होते, आतली घाण बाहेर पडतेय, काढा वाढवा. मग त्यांनी फोन उचलणं बंद केलं होतं.

माझ्या नवऱ्याने गाडी ठरवली. मुंबईपर्यंत दादा मागच्या सीटवर वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. मी पुढे बसले होते. मागे वळून बघायची मला भीती वाटत होती.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. "कॅन्सर परत आलेला नाही," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग ते म्हणाले, "पण दात्याच्या पेशी सुटल्यात. आवरायला औषध नव्हतं, त्यामुळे कातडी, लिव्हर, आतडी, सगळ्यांवर एकदम हल्ला झालाय. हे कॅन्सरपेक्षा कमी धोक्याचं समजू नका."

ते गेल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. वहिनी समोर होती. तिचे डोळे सुजले होते. ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे ताई, तुमचंच रक्त त्यांना खातंय."

 ती घाबरलेली होती, दमलेली होती, तिला नवरा जाताना दिसत होता. हे सगळं मला तेव्हाही समजत होतं. पण ती वाईट शब्द बोलायची म्हणून बोलली नव्हती. तिला तसंच वाटत होतं. आणि पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला, त्यातही तेच. गावात बोलतायत म्हणे की बहिणीचं रक्त बाधलं. मी आईला विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "सुनेने सांगितलं. खोटं आहे काय?"

खोटं नव्हतं. 

स्टिरॉइडचे मोठे डोस सुरू झाले. कातडी थोडी निवली, पोट ऐकेना. मग त्याच्या जोडीला एक नवीन गोळी दिली, पेशींना चिथावणारे निरोप मध्येच अडवते ती, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती लागू पडली. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. तो वाचला. हे मी थोडक्यात लिहिते, पण त्या हॉस्पिटलात तो पुष्कळ दिवस होता, आणि मी रजा टाकून टाकून जात होते. आम्ही कामापुरतं बोलायचो. पाणी हवंय का, नर्सला बोलावू का.

घरी आला तेव्हा त्याचं तोंड स्टिरॉइडने सुजून गोल झालं होतं. डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं, सारखे थेंब घालावे लागायचे. बोटांवरची कातडी आवळून आली होती. मूठ पुरी मिटत नाही त्याची, अजूनही. स्क्रूचा प्रश्नच राहिला नाही.

त्याच सुमाराला आरे-वारेच्या गाडीत मला तो सुपारीवाला माणूस पुन्हा भेटला. एकटाच होता. डोक्याचं मुंडण केलेलं, केसांची खुंटं नुकती वर येत होती. मी तिकिटासाठी समोर उभी राहिले.  

"तुमचे भाऊ कसे आहेत?" त्यांनीच विचारलं.

"हॉस्पिटलात होता. आता घरी आहे."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतंत." मग खिशातून पैसे काढत म्हणाले, "हिने ऐकलं होतं तुमचं. घरी गेल्यावर मला म्हणाली, आपण परत हॉस्पिटलात जाऊया. मीच म्हटलं, भावाबहिणीचं काही भांडण असेल, जमिनीबिमिनीचं. त्या बाईचं काय ऐकतेस."

त्यांनी पैसे दिले, मी तिकीट दिलं.  पुढे जाऊन मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि दोन थांबे तशीच बसून राहिले. ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

त्या दिवशी मी पुन्हा दादाकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. त्या बाईचा रुमाल, तिच्या नवऱ्याचं बोलणं, सगळं. तो खाटेवर बसून ऐकत होता. डोळ्यांत थेंब घातले होते, त्यामुळे तो रडतोय की नाही ते कळत नव्हतं.

"आता तू दुसरा व्हिडिओ कर," मी म्हटलं. "खरं काय ते सांग. मी मोबाईल धरते. बाकी काही नको, एवढंच सांग की प्रत्यारोपण झालं होतं, आणि गोळ्या बंद केल्यामुळे मरायला टेकलो होतो."

"या तोंडाने?"

"याच तोंडाने. लोकांना दिसू दे."

वहिनी मध्ये आली. "ताई, ते आत्ता कुठे उठून बसायला लागलेत. तुम्ही त्यांना गावासमोर उभं करताय."

"गावासमोर ते आधीच उभे राहिलेत," मी म्हटलं.

दादाने हात वर केला, तिला थांबवायला. "करतो," तो म्हणाला. "जरा बरा झालो की करतो."

मी वाट बघितली. शिमगा झाला. पालखी दारात येऊन गेली. त्याचं तोंड बरंच उतरलं. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा तो म्हणाला, बुवांची माणसं वाईट आहेत, उगाच घराकडे येतील. असेलही. पण तो हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, आणि मला कळलं की हे होणार नाही. तो जुना व्हिडिओ अजून फिरतो. मी तक्रार केली, माझ्या नवऱ्याने केली, एका ठिकाणचा निघाला, दुसरीकडे वर आला.

आता तपासणीला मीच त्याला घेऊन जाते. वहिनीला मी सांगून टाकलंय की तू घर बघ. मागच्या वेळी आम्ही हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये बसलो होतो. तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क. दादाने पाणी पिण्यासाठी मास्क खाली केला, आणि समोरच्या बाकावरची एक बाई त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. तिशीतली असेल, शेजारी तिचा नवरा मान टाकून बसलेला, हाताला पट्टी. ती उठून आली.

"तुम्ही त्या काढ्याच्या व्हिडिओतले ना?" तिने विचारलं. "आमच्या घरी सगळे सांगतायत की हॉस्पिटल सोडा, तिकडे जा. काय करू?"

दादाने मास्क वर ओढला. "नाय हो. तुमची काहीतरी गफलत होतेय."

"तुमच्यासारखेच आहेत अगदी."

"असेल. मी नाय."

मी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, अजून काही शिल्लक असेल. व्हिडिओ नको, गाव नको, पण ही एक बाई, इथे, या बाकावर. तिला एक वाक्य पुरलं असतं. तो बाटलीचं झाकण लावत होता. बोटं मिटत नसल्यामुळे त्याला ते जमत नव्हतं, आणि मी ते लावून दिलं नाही.

"हेच ते," मी त्या बाईला म्हटलं. "माझे भाऊ. बसा इथे."

ती माझ्या शेजारी बसली. मी तिला सगळं सांगितलं. प्रत्यारोपण, गोळ्या, त्या का देतात, बंद केल्यावर काय झालं, त्या दुसऱ्या बाईचं काय झालं. दादा दोन फुटांवर बसून ऐकत होता. मी आवाज खाली घेतला नाही. आजूबाजूचे दोघे-तिघे ऐकायला लागले तरी घेतला नाही. ती बाई शेवटी नवऱ्याकडे गेली आणि त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलत राहिली. ते पुढे काय करणार आहेत मला माहीत नाही.

दादाचा नंबर आला. आत डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत?"

"हो," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी लिहिलं.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला. मुंबई मागे पडल्यावर म्हणाला, "सगळ्यांसमोर मला मान खाली घालायला लावलीस."

"हो," मी म्हटलं.

 चिपळूणला त्याने दोन चहा घेतले, एक माझ्या हातात दिला. पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाला, "पुढच्या वेळेला मी हिला घेऊन जाईन. तू नको येऊस."

"मी येणार," मी म्हटलं, आणि पिशवीतून त्याची संध्याकाळची गोळी काढून त्याच्यासमोर धरली. त्याने ती घेतली. गिळेपर्यंत मी बघत राहिले.